तीन वाजताचा आकडा

मी नऊ वर्षं लाटा मोजायची नोकरी केली. पनवेलमध्ये कुणाला हे सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "पनवेलला समुद्र कुठे आहे?" ते खरंच होतं. आमचं ऑफिस एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर, एका कापडाच्या दुकानाच्या वर होतं आणि खिडकीतून दिसायच्या त्या फक्त रिक्षा. पण कंपनीकडे किनाऱ्यावरच्या सर्वेक्षणाची कामं असत. त्यातलं एक काम करंजाला होतं. तिथे खाडीच्या तोंडाशी लाटा अडवणारा दगडी बांध घालायचा विचार चालला होता. बांध किती उंच आणि किती जाड हवा हे ठरवायचं तर वादळात तिथली लाट किती उंच होते ते आधी माहीत असावं लागतं. ते मोजायला मला पाठवत.

जुन्या जेटीच्या टोकाला, शेवटच्या खांबावर आम्ही एक लोखंडी पाइप उभा बसवला होता. त्यावर वीस-वीस सेंटिमीटरचे लाल-पांढरे पट्टे आणि आकडे रंगवलेले. त्याला आम्ही पट्टी म्हणायचो. पट्टीपासून दहा-बारा पावलांवर उभं राहायचं आणि दहा मिनिटं एकही लाट न चुकवता, तिचा माथा कुठल्या आकड्यापर्यंत चढला आणि पाणी कुठल्या आकड्यापर्यंत उतरलं ते लिहायचं. दोन्हींतला फरक म्हणजे लाटेची उंची. मग त्यातल्या मोठ्या लाटांची सरासरी काढून एकच आकडा वहीत मांडायचा. एरवी दिवसातून तीनदा, वादळात दर तासाला. आकडा दोन मीटरच्या वर गेला तर दर अर्ध्या तासाला. हा ऑफिसचा नियम होता. समुद्राच्या तळाशीही आम्ही एक यंत्र ठेवलं होतं. डोक्यावरच्या पाण्याचा दाब ते आपलं आपण नोंदवत राही. पण दीड-दोन महिन्यांनी पाणबुड्यानं ते वर काढल्याशिवाय आत काय आहे ते कळत नसे.

आमच्या कामात एक सवय होती. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती मला पहिल्याच महिन्यात शिकवली. कधी पोट बिघडतं, कधी एसटी उशिरा येते, एखादं वाचन चुकतं. रकाना रिकामा ठेवला तर वरून प्रश्न येतात. मग आजूबाजूचे तास बघायचे आणि बसेल असा आकडा भरून टाकायचा. "समुद्र काही उड्या मारत नाही," ते म्हणाले होते. "एक वाजता एक मीटर आणि तीन वाजता दीड, तर दोन वाजता सव्वाच असणार. भरून घे." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शांत दिवसांत भरलेल्या आणि मोजलेल्या आकड्यात बोटभरही फरक पडत नसे, हे मी स्वतः पडताळून पाहिलं होतं.

जेटीच्या अलीकडे एका कोळी नाखव्याची होडी लागायची. होडी त्याच्या मालकीची आणि हाकायचाही तोच. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, उन्हानं काळा ठिक्कर पडलेला, बोलायला तिखट. मी पहिल्या दिवशी पट्टीकडे बघत लिहीत होतो, तेव्हा तो माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"काय मापतंस?"

"लाटा."

"कनाला? तिला झंपर शिवायचाय?"

त्याचा धाकटा भाऊ होडीत जाळं आवरत होता. तो खो-खो हसला. "दादूस, माप घेतलान ते तिला इचारून घेतलान का? नायतर चिडंल ना ती."

त्या दिवसापासून मी त्या दोघांचा शिंपी झालो. "काय शिंपी, आज माप काय?" अशी हाक येई आणि मी जेटीवरून आकडा ओरडून सांगे. सुरुवातीला ती नुसती थट्टा होती. पण नाखवा हुशार माणूस होता. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा एक दांडा आहे. ओहोटीला त्यावर पाणी कमी असतं आणि लाट मोठी असली की ती नेमकी तिथे फुटते. बाहेरून येणाऱ्या होडीला हे नीट दिसत नाही, कारण समुद्राकडून येताना लाटेची पाठ दिसते, तोंड दिसत नाही. पाठीकडून लाट नेहमी लहान वाटते. हे मला त्यानंच शिकवलं. मग पट्टीवर किती आकडा असला की दांड्यावर लाट फुटते, हे आम्ही दोघांनी दोन पावसाळे बघून ठरवलं. आकडा निघाला दोन. दोनच्या खाली असेल तर आत यायचं. दोनच्या वर असेल तर आत न शिरता डोंगराच्या आडोशाला नांगर टाकून थांबायचं.

त्याच्याकडे नुकताच मोबाइल आला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो बनियनच्या आत ठेवायचा. वारा उठला की त्याचा फोन यायचा, "शिंपी, माप सांग." हळूहळू आणखी चार-पाच होड्यांवरून फोन येऊ लागले. मला त्याचा अभिमान वाटायचा. पनवेलला घरी आलो की मी बायकोला सांगायचो, आज माझ्या आकड्यावर पाच होड्या आत आल्या. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

त्या वर्षी वादळ नोव्हेंबरात आलं. पावसाळा संपला म्हणून सगळे निर्धास्त होते आणि होड्या बोंबलाच्या मागे लागल्या होत्या. सकाळी मच्छीमार सोसायटीच्या भोंग्यावरून सगळ्यांना परत फिरायला सांगितलं गेलं. दुपारपर्यंत बहुतेक होड्या आत आल्या. नाखव्याची होडी मागे राहिली. त्यांचं मोठं जाळं खोल पाण्यात रोवलेलं होतं आणि ते तसंच सोडून यायला धाकट्याचा जीव होईना. होडीत चौघे होते, दोघे भाऊ आणि दोन खलाशी.

मी सकाळपासून जेटीवर होतो. जेटीच्या मुळाशी आमची एक पत्र्याची शेड होती. तिथून टोकापर्यंत चालत दोन-अडीच मिनिटं लागत. बारा वाजता एक वीस मोजलं. एक वाजता एक चाळीस. हे दोन्ही आकडे खरे आहेत, मी डोळ्यांनी वाचलेले.

दोन वाजता वाऱ्यानं दिशा बदलली. मी टोकाला पोहोचलो तेव्हा जेटीच्या फटींमधून पाणी वर उडत होतं. पट्टी कधी दिसायची, कधी नुसता पांढरा फेस. कठड्याला कोपर अडकवून मी लिहू लागलो. चाळीसेक लाटा झाल्या असतील. मग एक लाट आली ती जेटीच्या वरून आली. तिचा आवाज आधी आला नाही. पायाखालचं काँक्रीट एकदम नाहीसं झाल्यासारखं वाटलं, कमरेपर्यंत थंड पाणी आणि ते मला मागे नव्हे, बाजूला ओढत होतं, जिथे कठडा तुटलेला होता त्या बाजूला. माझी एक चप्पल गेली. डाव्या हातानं धरलेला कठड्याचा गज मी सोडला नाही, एवढंच. पाणी ओसरलं तेव्हा तुटक्या कठड्यापासून मी हातभर अंतरावर होतो आणि खाली खांबाला आपटून पाणी विहिरीसारखं खोल जात होतं.

मी कसाबसा शेडमध्ये आलो. दार लावलं, कडी घातली. समुद्राला कडी घालून काय उपयोग, पण घातली. आत आमच्या घरच्या चहाचा थर्मास होता, त्याचं झाकण मला उघडता येईना. वही शर्टाच्या आत होती म्हणून वाचली. चाळीस लाटांवरून मी दोनचा आकडा काढला, एक साठ. तोही तसा खराच धरतो, अपुरा असला तरी.

मग मी घड्याळाकडे बघत बसलो. पावणेतीन झाले. तीनला पाच कमी झाले. मी उठून दारापाशी गेलो, कडीला हात लावला. पत्र्यावर बाहेरून कुणी मुठी मारतंय तसा वारा आदळत होता. त्या हातभर अंतराचीच आठवण येत होती. मी परत येऊन खुर्चीवर बसलो. वही उघडली. बाराला एक वीस, एकला एक चाळीस, दोनला एक साठ. तीनच्या पुढे मी एक ऐंशी लिहिलं. अक्षर सुबक आलं, कारण तोवर हाताचा कंप थांबला होता.

भरून घेतलं.

तीन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. पलीकडून आधी नुसता इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज आला. मग नाखवा ओरडला.

"शिंपी! माप सांग! आमी तोंडाशी आलोय!"

मी वहीत बघितलं. "एक ऐंशी."

"दोनच्या खाली हाय ना?"

"एक ऐंशी आहे."

"नक्की? आमाला हितून पाठ तेवढी दिसतेय."

मी म्हणालो, "लिहिलंय."

मागून धाकट्याचा आवाज ऐकू आला, "शिंप्यानं दिलंय ना माप? मग घाल की दादूस आत!" आणि फोन बंद झाला.

त्या एका शब्दाचा मी पुढे इतका विचार केला आहे. लिहिलंय. त्या क्षणी मी खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही. आकडा वहीत होता, शाईत होता, बाकीच्या आकड्यांच्या रांगेत नीट बसला होता. मीच वीस मिनिटांपूर्वी तो बसल्या जागी लिहिला, हे मला जणू आठवतच नव्हतं. शेडची खिडकी मिठानं आंधळी झाली होती. दार उघडून दोन पावलं बाहेर टाकली असती तर दांड्यावरची लाट दिसली असती. फोन करायला अजून वेळ होता.

मी दार उघडलं ते किनाऱ्यावरच्या बायकांचा ओरडा ऐकून.

दांड्यावर लाट फुटत नव्हती, कोसळत होती. होडी त्या पांढऱ्याच्या मधोमध होती. तिची मागची बाजू वर गेली, पुढचं टोक पाण्यात खुपसलं, आणि ती आडवी फिरली. पुढची लाट तिच्या कुशीवर आली. मग नुसता होडीचा तळ दिसला, हिरव्या रंगाचा. मी हे सगळं दारातून पाहिलं. एक पाय अनवाणी होता.

खाडीतून एक मोठी होडी गेली आणि तिनं तिघांना काढलं. धाकटा दुसऱ्या दिवशी ओहोटीला खाडीच्या आत, चिखलात सापडला.

पोलिसांनी मला विचारलं. मी सांगितलं, नाखव्यानं फोनवर आकडा विचारला, मी एक ऐंशी सांगितला. वही दाखवली. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. सोसायटीतही मला बोलावलं. तिथे नाखवा भिंतीला टेकून बसला होता, डोक्याला पट्टी बांधलेली. कुणीतरी त्याला विचारलं, "शिंप्यानं तुला काय सांगितला व्हता?" तो खालमानेनं म्हणाला, "एक ऐंशीच सांगितला. त्याचा काय दोष नाय."

मग दोष कुणाचा हे सगळ्यांनी आपापसात ठरवलं. एक ऐंशीवर होडी उलटत नाही, हे आता सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे नाखव्यानंच ती आडवी घातली. घाबरला असेल, नाहीतर सकाळी घेतली असेल. तो दारू पीत नव्हता, तरी हे बोललं गेलं. पुढे मला कळलं, त्याचं स्वतःचंही मत तेच झालं होतं. माप बरोबर होतं, म्हणजे हात चुकला.

दीड महिन्यानं तळाचं यंत्र वर आलं. त्यातल्या नोंदी कॉम्प्युटरवर उतरवायचं काम माझंच होतं. पनवेलच्या ऑफिसात, पंख्याखाली बसून मी ते आकडे पडद्यावर उतरताना बघत होतो. बारा वाजता एक वीस. माझ्याशी तंतोतंत जुळलं. एक वाजता थोडा फरक. दोन वाजता एक नव्वद, कारण मी मोठ्या लाटा यायच्या आधीच पळालो होतो. तीन वाजता दोन सत्तर.

समुद्रानं त्या तासात उडी मारली होती. मी खुर्चीच्या कडा धरून बसलो. कुणीही माझ्या खांद्यावरून वाकून बघेल असं वाटत होतं. शेवटी मी तो कागद ज्येष्ठ सहकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी दोन्ही रांगा पाहिल्या, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. त्यांनीच शिकवलं होतं, त्यांना न कळून कसं चालेल?

"अहवालात लिही," ते अगदी हळू म्हणाले, "फवाऱ्यामुळे पट्टीचं वाचन विश्वासार्ह नव्हतं. यंत्राचे आकडे ग्राह्य धरले आहेत." मग म्हणाले, "आणि करंजाला हे काही बोलू नकोस. तिथं तुला जिवंत सोडणार नाहीत."

अहवाल गेला. मी सुटलो. आणि तिथून माझी खरी भीती सुरू झाली.

धाकट्याची बायको पनवेलच्या बाजारात मासळी विकायला बसायची. आधीही बसायची, पण मी तिला ओळखत नव्हतो. सोसायटीत मला पाहिल्यापासून दर रविवारी ती मला हाक मारू लागली. "सायेब, या. ताजी बोय हाय." मी टाळायचा प्रयत्न केला, तर बायको म्हणाली, बिचारीचा नवरा गेला, आपण तिच्याकडूनच घेऊ. मी पैसे द्यायचो आणि ती वर मूठभर जवळा टाकायची. "ऱ्हाऊ द्या सायेब. तुमी तं बरोबर माप दिलं व्हतं. आमच्या घरातल्यानंच घात केला."

दर रविवारी हेच. ती दिराला शिव्या द्यायची आणि मी पिशवी धरून उभा राहायचो. एका अंगणात दोन दारं, मध्ये बोंबील वाळत घालायचे बांबू, आणि ती दिराशी एक शब्द बोलत नव्हती. त्यानं होडी विकली. कुणाच्या तरी बर्फाच्या कारखान्यात तो लाद्या उचलायचं काम करू लागला. हे सगळं मला तिच्याकडूनच कळायचं, मासळी साफ करता करता. घरी ती मासळी माझ्या घशाखाली उतरत नसे. मी डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी.

मी करंजाचं काम सोडलं, मग कंपनीही सोडली. तरी दुपारी तीनच्या सुमाराला फोन वाजला की मी तो उचलायचो नाही, वाजू द्यायचो. एकदा मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही फोनला घाबरता का?" मी नाही म्हणालो.

अशी पाचेक वर्षं गेली. एका रविवारी त्या बाईनं टोपलीखालून एक लग्नपत्रिका काढली. ओली होऊ नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये ठेवली होती. वर तिनं कुणाकडून तरी माझं नाव लिहून घेतलं होतं, आणि नावापुढे सहकुटुंब.

"पोरीचं लगीन हाय. तुमी नक्की यवाचं. वयनींना घेऊन."

मी पत्रिका उघडली. वडिलांच्या नावापुढे कैलासवासी. त्याखाली आमंत्रण देणाऱ्यांमध्ये तिच्या माहेरची माणसं होती. मुलीच्या काकाचं नाव कुठेच नव्हतं.

"काका?" मी विचारलं.

तिनं कोयता माशाच्या डोक्यात घातला. "त्याला नाय बोलावला. बापाच्या जागी मामा उभा ऱ्हाईल. त्याला मांडवात पाय टाकू देनार नाय मी."

आणि मला आमंत्रण होतं.

त्या दिवशी मी मासळी न घेताच घरी आलो. कपाटातून ती वही काढली आणि यंत्राच्या आकड्यांचा कागद, ज्याची एक प्रत मी का कुणास ठाऊक ठेवून दिली होती. बायकोला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. तिनं ऐकून घेतलं आणि मग एवढंच म्हणाली, "आणि मी दर रविवारी तिच्याकडूनच घ्यायला लावत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरणची एसटी पकडली. वाटेत मला दोनदा उतरून परत जावंसं वाटलं. ज्येष्ठ सहकाऱ्यांचं ते वाक्य कानात होतं, जिवंत सोडणार नाहीत. करंजाला रिक्षातून उतरलो तर ओळखीचा तो वास आला, सुक्या मासळीचा आणि डिझेलचा.

नाखवा ओट्यावर बसला होता. केस पांढरे झाले होते. मला बघून तो उठला. "या सायेब," तो म्हणाला. शिंपी नाही म्हणाला. वादळानंतर त्यानं मला ते कधीच म्हटलं नव्हतं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. वही उघडून तीन वाजताचा रकाना दाखवला. यंत्राचा कागद दाखवला. त्याला आकडे वाचता येत. त्यानं एक ऐंशीवर बोट ठेवलं, मग दोन सत्तरवर. ते बोट बराच वेळ तिथेच राहिलं.

"हे तू मापला नव्हतास?"

"नाही. शेडमध्ये बसून लिहिलं."

त्याच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली. मी डोळे मिटून घेतले. तो मारेल असं वाटलं आणि खरं सांगायचं तर मारावं असंही वाटलं. काही झालं नाही. मी डोळे उघडले तेव्हा तो बांबूंच्या पलीकडच्या दाराकडे बघत होता.

"मना कनाला सांगतंस?" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "तिला सांग. माझ्यासमोर सांग."

ती सोमवारची घरीच होती, दारात बसून बोंबील निवडत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला, मग माझ्यामागे दीर उभा दिसला आणि ती थांबली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी एक गोष्ट जास्त सांगितली, जी मी नाखव्यालाही सांगितली नव्हती आणि बायकोलाही नाही. तीनचा आकडा लिहिताना माझ्या मनात आधी दोन दहा आलं होतं. आवाजावरूनच कळत होतं की लाट वाढली आहे. पण दोनच्या वर लिहिलं असतं तर नियमाप्रमाणे साडेतीनला पुन्हा जेटीच्या टोकाला जावं लागलं असतं. म्हणून मी एक ऐंशी लिहिलं. आधीच्या आकड्यांशी ते जुळत होतं हे निमित्त झालं. दोनच्या खाली राहावं म्हणून लिहिलं.

ती ऐकत होती. हातातला बोंबील हातातच राहिला.

"तीन वाजता तुमी कुटं व्हता?" तिनं विचारलं, मी सांगून झालं असूनही.

"शेडमध्ये. कडी लावून. घाबरलो होतो."

"न त्यो आत येत व्हता."

"हो."

मी पत्रिका खिशातून काढून ओट्याच्या कडेला ठेवली. आता ती काय करेल याची मला इतकी भीती वाटत होती की कानात नुसती गुणगुण चालली होती. ती ओरडली नाही. तिनं माझ्याकडे बघणं बंद केलं. एवढंच, पण ते इतकं पूर्ण होतं की मी तिथे नसल्यासारखा झालो. तिनं बोंबील टोपलीत टाकला, हात पदराला पुसले, आणि माझ्या बाजूनं नजर पलीकडे नेली.

"भावजी," ती म्हणाली, "परवा मांडव घालायचा हाय. बांबू कोन आननार?"

नाखवा खाली बसला, अंगणातच, आणि दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं. ती उठून आत गेली. आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवला. पत्रिका तिनं जाताना उचलली होती. मला ती परत मिळाली नाही.

मी निघालो. वाटेच्या वळणापर्यंत नाखवा मागे आला. मला वाटलं, काही बरं बोलेल. माणूस अशा वेळीही स्वतःसाठी काहीतरी मागत असतो.

"लय उशीर केलास," तो म्हणाला. "पाच वर्सं मी ती लाट रोज फिरवून बगतोय. कुटं चुकलो, सुकान कुटं वळवला." मग तो म्हणाला, "नाय गेलास टोकाला, समजला. भ्याव कोनाला वाटत नाय? पन मी फोन केला तवा एकदा दार उगडून बगायचंस."

मग तो बांबू आणायला गेला.

लग्न झालं असेल. मी गेलो नाही. ती अजून पनवेलच्या बाजारात बसते, त्याच जागी. बायको आता दुसरीकडून मासळी घेते आणि त्या गल्लीत पाऊलही टाकत नाही. मी जातो. पिशवी रिकामी असली तरी दर रविवारी त्या रांगेतून एकदा चालत जातो. मी समोर आलो की तिची हाक मध्येच थांबते, मी पुढे गेलो की पुन्हा सुरू होते. मागच्या रविवारी तिच्या शेजारी नाखवा बर्फाची लादी फोडत बसला होता. त्यानं मान वर केली, मला पाहिलं, आणि पुन्हा खाली वाकून बर्फावर घाव घातला.